प्रशिक्षण झालं, पण कामात फरक पडला हे दाखवायचं कसं? (तालुका कार्यालयं, सांगली जिल्हा)

आवक_जावक, मिरज

नमस्कार मंडळी. प्रश्न तालुक्याच्या कार्यालयांचा आहे: तहसील, पंचायत समिती, त्यांच्या खालचे सज्जे (एकेका तलाठ्याकडची गावं) आणि ग्रामपंचायती. दाखल्यांचं टेबल, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), जन्म-मृत्यू नोंदी, घरपट्टी अशी लोकांशी रोज संबंध येणारी कामं करणाऱ्या साठेक जणांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटी अभिप्राय फॉर्म भरून घेतात, त्यात सगळं ‘उत्तम’ असतं. हजेरीपटही पूर्ण असतो. पण वरून विचारणा येते की यातून कामगिरीत काय सुधारलं ते आकड्यांत कळवा. तिथं या दोन्ही कागदांचा उपयोग होत नाही.

नेमकं काय मोजावं? जो फरक दिसेल तो प्रशिक्षणाचाच आहे, हंगामाचा किंवा नव्या साहेबांच्या धाकाचा नाही, हे कसं ओळखावं? आणि पैसा, माणसं तेवढीच ठेवून कार्यक्रमात काय बदललं तर परिणाम टिकेल? या कामाची माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कार्यासन_३, सांगली

अभिप्राय फॉर्म चुकीचा नाही, तो फक्त पहिल्या पायरीचा कागद आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आजही वापरतात. माणसाला कार्यक्रम कसा वाटला, तो काय शिकला, टेबलावर परत गेल्यावर त्याची कामाची रीत बदलली का, आणि त्यातून कार्यालयाच्या कामात काय फरक पडला. वरून विचारतात ते चौथ्या पायरीचं. मधल्या दोन गाळून थेट चौथीचा आकडा पाठवला, तर कुणीही म्हणेल की सर्व्हर सुधारला म्हणून हे झालं. त्यामुळं मधल्या दोन पायऱ्यांची नोंद ठेवावीच लागते.

काय शिकला हे बघायला लेखी प्रश्नपत्रिका नको. नावं बदललेले दहा नमुना अर्ज तयार करा, त्यातल्या सहांमध्ये मुद्दाम एकेक त्रुटी ठेवा. प्रशिक्षणाआधी अर्धा तास देऊन त्रुटी शोधायला सांगा. नंतर तेवढाच वेळ, पण वेगळे दहा अर्ज. कुणी किती पकडल्या ते लिहून ठेवा. ज्या अर्जात काहीच चूक नाही त्यालाही त्रुटी लावली असेल तर तीही मोजा, कारण अती सावध माणूस लोकांना तितकाच हेलपाटा घालायला लावतो.

जातीच्या दाखल्याचं उदाहरण घ्या. मानीव दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा हवा. अर्ज घेणाऱ्याला तारीख पाठ नसेल तर तो आजोबांचा १९७२ चा शाळेचा दाखला घेऊन अर्ज पुढं सरकवतो. अर्ज पुढच्या टेबलावर अडतो, त्रुटी लागते, आणि गावाकडचा माणूस दुसऱ्यांदा रोजगार बुडवून येतो. तीन तारखा माहीत असल्या-नसल्याचा हा फरक आहे. प्रशिक्षणाचा परिणाम शोधायचा तो अशा जागी.

म्हणून मुख्य माप एकच धरा: पहिल्याच खेपेला पूर्ण निघालेल्या अर्जांचं प्रमाण. प्रशिक्षणानंतरच्या तीन महिन्यांतला दर दहावा अर्ज काढा, निदान पन्नास तरी व्हावेत. मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांतले तसेच पन्नास. वहीत तीन रकाने ठेवा: परत गेला का, कोणत्या कारणानं, आणि ते कारण अर्ज घेतानाच दिसण्याजोगं होतं का. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. अर्ज घेताना दिसत होतं आणि तरी सुटलं, एवढंच प्रशिक्षणाच्या खात्यावर जातं. बाकी कारणं निराळी, त्यांचा निकाल वर्गात लागत नाही.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालचा ‘मुदतीत निकाली’चा टक्का आयता मिळतो, म्हणून सगळे तोच देतात. एकटा तो आकडा देऊ नका. मुदत चुकली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला) ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. त्या भीतीनं शेवटच्या दिवशी अर्ज नामंजूर केला तरी कागदोपत्री तो मुदतीत निकालीच धरला जातो. मुदतीत निकाली, नामंजूर, त्रुटीसाठी परत आणि प्रथम अपील हे चारही आकडे एका ओळीत मांडा. पहिला वाढला आणि दुसरा-तिसराही वाढला, तर सुधारणा झालेली नाही.

हंगामाचं म्हणाल तर दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेयरचा लोंढा येतो. जूनची तुलना मेशी केली की कोणतंही प्रशिक्षण फसलेलं दिसेल आणि सप्टेंबरची जूनशी केली की कोणतंही यशस्वी. जूनची तुलना मागच्या वर्षीच्या जूनशीच करायची.

आणि परिणाम प्रशिक्षणाचाच का, याला सोपी वाट आहे. जिल्ह्यात दहा तालुके. सगळ्यांना एकाच महिन्यात बोलावू नका. पाच तालुके आधी, उरलेले पाच तीन महिन्यांनी, आणि पहिले पाच कोणते ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. जिल्ह्याचे साहेब बदलले, सर्व्हर सुधारला, पाऊस लांबला, तर ते दहाही तालुक्यांना लागू. त्या तीन महिन्यांत फक्त पहिल्या पाचांत फरक दिसला तर तो बहुतांशी प्रशिक्षणाचा. यात जादा खर्च काहीच नाही, कारण सभागृहात एका वेळी सगळे मावत नाहीतच.

बांधावरून, दहिवडी

सातारा जिल्ह्यातून लिहितोय, पण महसुलाचं काम दोन्हीकडं एकच. फेरफारासाठी वरचं माप जसंच्या तसं चालणार नाही.

फेरफारात एकूण किती दिवस लागले हे मोजून काही हाती लागत नाही. नोटीस बजावल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस कायद्यानंच ठेवलेले आहेत, माणूस कितीही तयार झाला तरी ते कमी होणार नाहीत. मोजायची ती दोन अंतरं: वर्दी (खातेदारानं दिलेली खबर) किंवा दस्त मिळाल्यापासून गाव नमुना ६ ला, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद पडेपर्यंत, आणि हरकतीची मुदत संपल्यापासून मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करेपर्यंत. पहिलं अंतर ग्राम महसूल अधिकाऱ्याचं (आपले जुने तलाठी), दुसरं मंडळ अधिकाऱ्यांचं. फक्त तलाठ्यांना शिकवलं तर पहिलं कमी होतं, दुसरं तिथंच राहतं, आणि खातेदाराला काहीच जाणवत नाही. शिकवायचं तर दोघांना एकाच तुकडीत बसवा.

दर्जा मोजायला माझ्या मते जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ सारखं माप नाही. लेखनप्रमादाची (लिहिताना झालेल्या चुकीची) दुरुस्ती त्या कलमाखाली होते. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे आधी कुठंतरी झालेली चूक. पण सरसकट आकडा घेऊ नका, कारण हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा यांतल्या जुन्या तफावतीही त्याच कलमाखाली दुरुस्त होतात. मूळ फेरफाराची तारीख बघा. प्रशिक्षणानंतर घातलेल्या नोंदींपैकी किती नोंदींना वर्षभरात १५५ लावावं लागलं, हा आकडा खरा. तो कळायला वर्ष जातं, म्हणून कुणी काढत नाही. काढला पाहिजे, कारण चुकीच्या नोंदीवर बँकेचं कर्ज अडतं आणि भावाभावांत दावे उभे राहतात.

सर्वांत जास्त चुका वारस नोंदीत होतात. वर्गात कायद्याची कलमं वाचून दाखवण्यापेक्षा एक वंशावळ फळ्यावर लिहा. मयत खातेदार, स्वकष्टार्जित जमीन, मृत्युपत्र नाही, आईवडील हयात नाहीत. मागं पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. तिसरी मुलगी बापाआधी वारली, तिला दोन मुलं. वारस कोण आणि हिस्से किती? हिंदू उत्तराधिकार कायद्यानं सहा समान हिस्से पडतात आणि वारलेल्या मुलीचा हिस्सा तिच्या दोन मुलांना मिळून जातो, म्हणजे प्रत्येकी बारावा. बरेच जण त्या दोन नातवंडांना विसरतात, काही तर लग्न झालेल्या मुलीही वगळतात. अशा पाच वंशावळी सोडवून घेतल्या की गाव नमुना ६-क ची, म्हणजे वारसांच्या वहीतली, नोंद सुधारते. भाषणानं सुधारत नाही.

आता काय बिघडतं ते. कार्यक्रमाला कुणाला पाठवायचं हे ‘सध्या कोण मोकळा आहे’ यावर ठरतं. ज्याच्या टेबलावर काम तुंबलंय त्याला साहेब सोडत नाहीत, आणि नेमकी त्यालाच गरज असते. मागणीपत्रात माणसाचं नाव मागू नका, टेबल मागा: ‘दाखल्यांचे अर्ज स्वीकारणारा कर्मचारी’. दुसरं, बदल्या. बदल्यांच्या कायद्यानं साधारण पदावधी तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी संपवायला प्रशिक्षणं लावली जातात आणि जूनमध्ये ती माणसं दुसऱ्याच टेबलावर असतात. नव्या टेबलावर रुजू झाल्यापासून पहिल्या पंधरवड्यात अर्धा दिवस का होईना, तिथंच शिकवा. जूनच्या गर्दीत वेळ नसतो हे खरं. पण न शिकवता त्याला त्या गर्दीत उभं केलं तर वेळ त्याहून जास्त जातो.

तिसरं, लॉगिन. प्रशिक्षण झालं आणि नव्या प्रणालीचा वापरकर्ता क्रमांक किंवा डिजिटल स्वाक्षरी यायला दीड महिना लागला, तर शिकलेलं सगळं विरून जातं. मग लॉगिन आलं की तो शेजारच्याला ‘तूच करून दे’ म्हणतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन दुसऱ्याच्या हातात जातं. ज्याचं लॉगिन तयार नाही त्याला त्या तुकडीत बोलावूच नका, पुढच्या तुकडीत घ्या.

उपकेंद्र_ते_पीएचसी, कवठेमहांकाळ

शिकलेलं विरून जाण्याचा मुद्दा आरोग्याकडं फार स्पष्ट दिसतो, म्हणून लिहिते.

जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पुसणं, उब देणं, पाठ चोळून चेतवणं आणि तरीही श्वास नसेल तर पिशवी-मास्कनं श्वास सुरू करणं, हे पहिल्या मिनिटाच्या आत व्हायला हवं. वेग मिनिटाला ४० ते ६० श्वास. हे पुतळ्यावर शिकवलं की त्या दिवशी सगळ्यांना येतं. पण छोट्या केंद्रावर असा प्रसंग क्वचित येतो आणि हाताची सवय काही महिन्यांत मोडते. बोलून विचारलं तर पायऱ्या बरोबर सांगतात, हातात पिशवी दिली की मास्क नीट बसत नाही, कडेनं हवा निघून जाते आणि छाती वर येत नाही. कळणं आणि हाताला येणं यांत एवढं अंतर आहे. म्हणून पुतळा प्रसूती कक्षाशेजारीच ठेवून पाळी बदलताना दहा मिनिटं सराव करायचा. वर्षातून एकदा दोन दिवस बसण्यापेक्षा हा थोडा थोडा पण सारखा केलेला सराव हाताला टिकतो. आवक_जावक, तुमच्या वंशावळी आणि नमुना अर्ज हा तुमचा पुतळाच समजा.

तपासताना ‘येतं का?’ असं विचारायचं नाही. करून दाखवायला सांगायचं, हातात तपासणी सूची धरायची आणि प्रत्येक पायरीला हो किंवा नाही एवढंच लिहायचं. सूची शिकवणाऱ्यानं भरू नये, दुसऱ्या केंद्रातल्या व्यक्तीनं भरावी. आपण शिकवलेल्याला नापास करायला कुणाचा हात धजत नाही.

लसीकरणातला एक मुद्दा मापासाठी उपयोगी आहे. खुल्या कुपीच्या धोरणानुसार पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस), पोलिओसारख्या काही लसींची उघडलेली कुपी शीतसाखळी आणि बाकी अटी पाळल्या तर २८ दिवसांपर्यंत चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी विरघळवल्यापासून चार तासांत टाकून द्यायची. हे नीट शिकवलं तर पेंटाची नासाडी कमी होईल. बीसीजीची होणार नाही, आणि होऊही नये. तिथं नासाडी घटलेली दिसली तर कुणीतरी चार तासांनंतरही कुपी वापरतंय का, ते आधी तपासा. प्रत्येक आकडा कमी झाला म्हणजे चांगलं झालं असं नसतं.

डोंगरपट्टा, शिराळा

एक हरकत नोंदवतो. ज्या कार्यालयात एका माणसाकडं दोन-तीन सज्जांचा अतिरिक्त कार्यभार आहे तिथं कामगिरी घसरली की लगेच प्रशिक्षण लावतात, हे चुकीचं आहे. तो माणूस शिकलेलाच आहे, त्याला हात कमी पडतायत. आधी निदान करा. कर्मचाऱ्याला शांतपणे बसवून तेच काम समोर करून दाखवायला सांगा. अजिबात जमलं नाही तर प्रशिक्षण द्या. समोर बिनचूक केलं आणि रोजच्या कामात चुकतंय, तर कारण वेळेचं, यंत्रणेचं किंवा देखरेखीचं आहे. आणि करायला येतं पण वरची सही मिळत नाही असं असेल, तर वर्गात बसायची गरज वरच्याला आहे.

आवक_जावक, मिरज

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका. पाठपुरावा करायला वेगळा माणूस मिळत नाही, तर तो कुणी आणि कधी करायचा? आणि खर्चाचा हिशेब मांडायचा झाला तर कसा मांडावा?

कार्यासन_३, सांगली

पाठपुरावा टेबलाच्या लगतच्या वरिष्ठानंच करायचा: अव्वल कारकून, मंडळ अधिकारी, विस्तार अधिकारी. त्यांना आधी अर्धा दिवस वेगळं बसवून त्यांच्या माणसांना काय शिकवणार आहोत ते दाखवा. हे राहून गेलं की कर्मचारी नवी रीत घेऊन परततो आणि वरिष्ठ म्हणतात, ‘इथं असं चालत नाही.’ नवी रीत त्याच दिवशी मोडते. वेळ म्हणाल तर कार्यालय पावणेदहाला सुरू होतं. बुधवारी पावणेदहा ते सव्वादहा, गर्दी वाढायच्या आत, आठवड्यात परत गेलेले पाच अर्ज समोर ठेवून बोलायचं. कोणाचं चुकलं हे नाही, कुठं सुटलं हे. सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी नमुना अर्जांची तशीच चाचणी पुन्हा घ्यायची. नव्वदाव्या दिवसाचा आकडा वर पाठवायचा, पहिल्या दिवसाचा नाही.

खर्चाचं. राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण, २०१२ मध्ये केंद्राच्या विभागांनी वेतनावरच्या तरतुदीच्या किमान २.५ टक्के प्रशिक्षणासाठी ठेवावेत असं म्हटलंय. तालुक्याला त्याहून उपयोगी हिशेब मनुष्यदिवसांचा. साठ जण, दोन दिवस, म्हणजे १२० मनुष्यदिवस. समजा महिन्याला ३०० अर्ज त्रुटीत परत जातात आणि दोन टेबलं मिळून प्रत्येकी ३५ मिनिटं जादा जातात. झाले १७५ तास, आठ तासांचा दिवस धरला तर साधारण २२ दिवस. त्रुटी निम्म्या झाल्या तर महिन्याला ११ दिवस वाचतात, आणि १२० दिवस भरून निघायला जवळपास ११ महिने लागतात. तोवर बऱ्याच जणांच्या बदल्या झालेल्या असतात.

आता हेच उलट करून बघा. परत गेलेले अर्ज आधी तपासले आणि अर्ध्याहून जास्त चुका अर्ज घेणाऱ्या १५ जणांच्या टेबलावर सुटतायत असं दिसलं, तर फक्त त्यांनाच अर्धा दिवस त्या चार-पाच कारणांवर शिकवा. साडेसात मनुष्यदिवस. ते पहिल्याच महिन्यात वसूल होतात. आकडे आपापल्या कार्यालयाचे घाला, पण मांडणी अशीच ठेवा. साठ जणांना सगळं शिकवण्यापेक्षा पंधरा जणांना नेमकं शिकवणं परवडतं, आणि लोकांनाही फरक तिथंच जाणवतो.

तुकडी वीस-पंचवीसच्या वर नको, प्रत्येकापुढं संगणक हवा, आणि सराव चाचणी प्रणालीवरच व्हावा. खऱ्या डेटावर सराव करू देऊ नका, ‘करून बघू’ म्हणत घातलेली नोंद नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. आयगॉट कर्मयोगी या सरकारी प्रशिक्षण संकेतस्थळावरचे ऑनलाइन पाठ आधी वाचून-ऐकून यायला चांगले आहेत. प्रमाणपत्रांची संख्या मात्र कामगिरी म्हणून दाखवू नका. पाठ पूर्ण झाला की प्रमाणपत्र मिळतं, अर्ज परत जायचे थांबत नाहीत.

शिकवण्याबरोबर टेबलही बदलावं लागतं. लखिना पॅटर्नमधली सहा गठ्ठ्यांची पद्धत घ्या: प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारे), नियतकालिके (ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे कागद. अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना ही घडी बसवली. पुढं पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी, तेही खटाव तालुक्यातल्या निढळचे, शून्य प्रलंबिततेचं काम चालवलं तेव्हाही गठ्ठे लावणं हाच पाया होता. ही पद्धत टिकते ती समजावून सांगितल्यामुळं नाही. कपाटावर सहा चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात आणि कागद चुकीच्या जागी गेला की लगेच दिसतो. तसंच मानीव दिनांकांचा तक्ता अर्ज घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, काचेखाली ठेवा. स्मरणशक्तीवर कशाला सोडायचं?

कृष्णाकाठ, पलूस

पुराचंही एक जोडतो, पावसाळ्याआधीचा मे महिना हातचा जाऊ देऊ नका म्हणून. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, त्यानंतर तरी बोटीचं प्रशिक्षण सभागृहात व्हायला नको, नदीतच व्हायला हवं.

मोजायचं ते असं: निरोप मिळाल्यापासून बोट पाण्यात उतरायला किती मिनिटं लागली, इंजिन कितव्या झटक्याला सुरू झालं, बोटीच्या क्षमतेइतकी लाइफ जॅकेटं त्याच गावात आहेत की तालुक्याला कुलपात. रिकाम्या बोटीचा सराव फसवा असतो. क्षमतेइतकी माणसं बसवूनच सराव घ्या, म्हातारी माणसं आणि पोरंबाळं धरून चढवायचा क्रम ठरवा, आणि सगळे एकाच बाजूनं चढू लागले की बोट कशी कलते ते काठाजवळ, उथळ पाण्यात, जॅकेटं घालून दाखवा. ‘आता बास’ म्हणून बोट हलवायचा अधिकार कुणाचा ते एका माणसाच्या नावानं आधीच लिहून ठेवा. पाणी दारात आलेलं असताना ते ठरत नाही. आणि सराव झाला की टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा. ऑइल मिसळलेलं जुनं पेट्रोल महिनोन् महिने तसंच राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो आणि ऐन वेळी इंजिन सुरू होत नाही.